रतिबातला खाडा

चार वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेची रात्र. पाहुणे गेले होते, भांडी घासून पालथी घातली होती आणि मी स्वयंपाकघरात दिवा न लावता फराळाच्या डब्यापुढे उभी होते. बाहेरच्या आकाशकंदिलाचा उजेड ओट्यावर पडत होता, तेवढा पुरत होता. भूक नव्हती. पोट जड झालं होतं, अनारशाची खसखस बोटांना चिकटली होती, आणि तरी मी तिसरा अनारसा उचलला. जूनपासून मी पथ्य सांभाळलं होतं. सकाळी मुगाचं धिरडं, दुपारी एक ज्वारीची भाकरी, भाजी आणि वरण, रात्री आठच्या आत जेवण, चहात साखर नाही. मग वसुबारसेला शेजारणीने आणून दिलेली एक करंजी खाल्ली. त्या करंजीने माझं फारसं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते तिच्या पाठोपाठ मनात आलेल्या वाक्याने: 'आता मोडलंच आहे तर...' भाऊबीजेपर्यंत ते वाक्य प्रत्येक पानावर माझ्या शेजारी बसलं.

त्या वाक्याबद्दल मला लिहायचं आहे, कारण ते माझ्या एकटीचं नाही. माझी धाकटी बहीण भाचीच्या लग्नानंतर तेच म्हणाली. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने घरी बसलेली मैत्रीण तेच म्हणाली. भाऊ तर आंब्याच्या दिवसांत दरवर्षी म्हणतो. पूर्ण वाक्य असं असतं: 'आता मोडलंच आहे तर एवढं होऊन जाऊ दे, सोमवारपासून पुन्हा नीट सुरू करू.' माझं म्हणणं असं की पथ्य घसरल्यावर जे नुकसान होतं ते पहिल्या घासात फार थोडं असतं. ते या वाक्यात असतं. आणि हे वाक्य हावरेपणातून येत नाही, दुबळ्या मनातूनही येत नाही. पथ्याकडे ज्या नजरेने बघायला आपण लहानपणापासून शिकलो, त्या नजरेतून ते येतं.

हिशेब मांडून बघा. गुरुवारी दुपारी कचेरीत कुणाचा तरी वाढदिवस होता, केक आणि दोन समोसे खाल्ले गेले. इथवर झालं ते एवढंच. पण 'सोमवारपासून' म्हटलं की गुरुवारचं रात्रीचं जेवण आणि शुक्रवार, शनिवार, रविवारची प्रत्येकी तीन मिळून दहा जेवणं मोकळी सुटतात. मधलं चहापाणी वेगळंच. त्या दहा जेवणांपुढे केक आणि समोशांची काय किंमत? आणि या दहांना अपराधाची एक विचित्र चव असते. सोमवारपासून काही मिळणार नाही म्हणून आज जास्त खायचं, आणि आज जास्त खाल्लं म्हणून सोमवार आणखी कडक करायचा. कडक सोमवार बुधवारपर्यंत टिकतो.

मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी हे फार पूर्वी टिपून ठेवलं आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोन संशोधकांनी केलेला प्रयोग या विषयात अजूनही सांगितला जातो. चव पाहण्याची चाचणी आहे असं सांगून काही तरुणींना बोलावलं. काहींना आधी एक मिल्कशेक दिला, काहींना दोन, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं आणि हवं तेवढं खाऊन चव कशी आहे ते सांगा म्हटलं. ज्या एरवी खाण्यावर पहारा ठेवत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं माणूस असंच वागतं. पण ज्या सतत वजनाची काळजी करत, मोजूनमापून खात, त्यांचं उलट झालं. मिल्कशेक प्यायल्यानंतर त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. पुढे जॅनेट पोलिवी यांनी त्याच्याही पुढची गोष्ट दाखवली: आधी खाल्लेला पदार्थ खरोखर किती उष्मांकांचा होता यापेक्षा तो किती उष्मांकांचा आहे असं सांगितलं गेलं, यावर नंतरचं खाणं ठरत होतं. म्हणजे पथ्य मोडायला पदार्थाचीही गरज नाही. मोडलं अशी समजूत पुरते.

हे संशोधन परदेशातलं, पण मी वाचलं तेव्हा मला त्यात आपलीच माणसं दिसली. उलट मला वाटतं की मराठी माणसाच्या तोंडी हे वाक्य जास्तच सहज येतं, कारण आपल्या भाषेत त्याची जागा आधीपासून तयार आहे. आपण उपवास सोडतो आणि उपवास मोडतो. एकाच अक्षराचा फरक, पण केवढा! संध्याकाळी देवापुढे हात जोडून, ताटाभोवती पाणी फिरवून वरणभाताचा घास घेतला तर उपवास सुटला. दुपारी विसरून शेंगदाण्याऐवजी फुटाणा तोंडात गेला तर उपवास मोडला. मोडलेल्या उपवासाला मधली पायरी नाही. निम्मा उपवास, पाऊण उपवास असं काही नसतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, 'मोडलाय ना आता, मग जेवूनच घे.' व्रताच्या हिशेबात ते बरोबरही आहे.

व्रताला मी नावं ठेवत नाही. माझ्या आईने सोळा सोमवार केले, आजीने आयुष्यभर एकादशी धरली, आणि त्यांच्या त्या निग्रहाचं मला आजही अप्रूप आहे. पण व्रताला मुदत असते. संकल्प असतो तसं उद्यापनही असतं. एक दिवस, सोळा आठवडे, चार महिने, एवढा काळ माणूस स्वतःला आवळून धरू शकतो, कारण पलीकडचा काठ दिसत असतो. आणि तरीही लोकांनी अलीकडच्या काठावर स्वतःची सोय करून ठेवलीच. चातुर्मासात कांदा वर्ज्य, म्हणून आषाढात आधी कांदेनवमी, त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, सगळं कांद्याचं. श्रावण पाळायचा म्हणून आधी गटारी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच अनुभवातून आली आहे. बंदी येणार हे कळलं की मन आधीच साठा करायला धावतं, हे आपल्या पूर्वजांना कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं.

मधुमेहाच्या पथ्याला उद्यापन नाही. रक्तदाबाच्या पथ्याला नाही, वाढल्या वजनाच्या पथ्यालाही नाही. ते जन्मभर रोज तीन वेळा करायचं काम आहे. ज्याला शेवट नाही अशा गोष्टीला आपण व्रताचं व्याकरण लावलं, चूक तिथे झाली.

मला पहिल्यांदा मधुमेह निघाला तेव्हा एका दवाखान्यात आहाराचा छापील कागद मिळाला होता. त्यावर दोन रकाने होते: 'खावे' आणि 'खाऊ नये'. वर्षभर तो फ्रिजला चिकटवलेला होता, कडा पिवळ्या पडल्या तरी काढला नाही. खूप नंतर लक्षात आलं की त्यात तिसरा रकाना हवा होता: 'खाल्लं गेलं तर'. ज्याने तो कागद छापला त्याने गृहीत धरलं होतं की कागद हातात पडलेल्या बाईकडे दिवाळी येणार नाही, तिचा नवरा आजारी पडणार नाही, तिच्या मुलीचं लग्न ठरणार नाही. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घराघरांत आहारावरून केवढे वाद झाले! डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदाच जेवा आणि पंचावन्न मिनिटांत संपवा हे ऐकायचं, की ऋजुता दिवेकरांचं थोड्या थोड्या वेळाने खात राहा हे ऐकायचं, यावर सख्खे भाऊ हमरीतुमरीवर येत. आमच्या घरीही आले. पण त्या सगळ्या वादावादीत दोन्ही बाजूंच्या माणसांचं पथ्य गणपतीत सुटलं तेव्हा पुढे काय करायचं हे कुणी कुणाला विचारलं नाही. जे सुटलं ते गुपचूप सुटलं.

व्रताऐवजी मग कुठली उपमा घ्यायची? मला ती माझ्या आईच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर सापडली.

आमच्या साताऱ्याच्या घरी दुधाचा रतीब होता. रोज एक लिटर म्हशीचं दूध. चुलीच्या वरच्या भिंतीला कालनिर्णय आणि त्याला दोरीने बांधलेली बोटभर पेन्सिल. रोजचं दूध आलं की आई काही लिहीत नसे. गवळी आला नाही की त्या तारखेच्या चौकटीत 'खा' लिहायची. पाहुणे आले, जास्तीचं घेतलं, की 'जा १'. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की दोन दोन दिवस खाडा व्हायचा. म्हैस आटली की आठवडाभर अर्ध्या लिटरवर भागवावं लागे. महिनाअखेरीस गवळी पायरीवर बसायचा, आई कॅलेंडर खुंटीवरून काढून आणायची आणि दोघं बोट फिरवत हिशेब करायचे. खाडे वजा, जादा मिळवा, उरले त्याचे पैसे. मला आठवतं, एका जुलैत पाच खाडे होते. आई चिडली होती, बोललीही असेल. पण 'रतीब मोडला' असं ती कधी म्हणाली नाही. तसं म्हणताच येत नाही. रतीब मोडत नाही. तो बंद करायचा तर कुणीतरी ठरवून 'उद्यापासून नको' म्हणावं लागतं. तसं म्हटलं नाही तोवर दुसऱ्या दिवशी पहाटे कडी वाजतेच.

रोजच्या खाण्याला ही भाषा लावली की पहिल्या घासानंतरचा प्रसंग पार बदलतो. करंजी खाल्ली, खाडा झाला. तो लिहायचा. आणि रात्रीचं जेवण? ते येणारच आहे, नेहमीचंच. त्यासाठी सोमवारची वाट बघायची नाही, कारण सुरू करायला काही बंदच पडलेलं नाही.

ही केवळ मनाची समजूत आहे असं कुणी म्हणेल, म्हणून एक गोष्ट सांगते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा जडतात याचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी रोज करायची एकेक साधी गोष्ट निवडली, जेवणाबरोबर फळ खाणं, न्याहारीनंतर चालणं अशी, आणि १२ आठवडे ती पाळण्याचा प्रयत्न केला. सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला काळ ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांत तो गणिती अंदाजाने १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत गेला. माझ्या दृष्टीने त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एकवीस दिवस सलग पाळा, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून मोजा, असं कितीतरी जणांनी आपल्याला बजावलं असेल. त्या मोजणीपायी किती माणसांनी अठराव्या दिवशी सगळंच सोडून दिलं असेल, याचं मला वाईट वाटतं.

मधुमेहाच्या तपासणीतही हाच हिशेब आहे. तीन महिन्यांची साखर म्हणून आपण जी रक्ततपासणी करतो, ती लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून केलेली असते. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे त्या आकड्यात दोन-तीन महिन्यांची सरासरी उतरते. भाऊबीजेच्या तीन अनारशांनी तो आकडा फारसा हलत नाही. भाऊबीजेपासून नाताळपर्यंत 'आता मोडलंच आहे' म्हणत काढलेल्या आठवड्यांनी मात्र हलतो. आणि नेमकी हीच तपासणी माणसं दिवाळीनंतर टाळतात. 'जरा नीट करते, मग रक्त देते.' मी स्वतः फेब्रुवारीपर्यंत टाळली होती. गोडापेक्षा या टाळण्याने जास्त नुकसान होतं.

वजनकाट्याचंही सांगायला हवं, कारण घसरल्याच्या दुसऱ्या सकाळी माणूस त्याच्याकडेच जातो. दोन दिवसांच्या फराळाने काटा दीड किलो वर गेलेला दिसतो आणि उरलंसुरलं अवसान गळतं. पण एक किलो चरबी साठायला साधारण ७७०० जादा उष्मांक लागतात, तेवढे दोन दिवसांत सहसा कुणाच्या पोटात जात नाहीत. वाढलेल्या वजनात बराचसा भाग पाण्याचा असतो. खारट खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं, आणि पिष्टमय, गोड खाल्लं की यकृतात आणि स्नायूंत जी साखर साठते तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. चार-सहा दिवस नेहमीचं जेवण झालं की ते उतरतं. घसरणीनंतर आठवडाभर काट्यावर उभं राहू नये, असं मी आता सगळ्यांना सांगते.

पण सगळं ओझं मनावर टाकणंही बरोबर नाही. शरीराचं स्वतःचं म्हणणं असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणावं हे त्यांना शोधायचं होतं. त्या तरुणांचं वजन जवळपास चौथाईने उतरलं. पण त्याहून लक्षात राहतं ते त्यांच्या मनाचं जे झालं ते. ते दिवसरात्र अन्नाबद्दल बोलू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, ताटलीतलं अन्न तासतास पुरवू लागले. आणि बंधन उठल्यावर कित्येकांनी इतकं खाल्लं की पोट भरूनही भूक शमेना. स्वतःच्या मर्जीने आलेली, धट्टीकट्टी, निर्धाराची माणसं होती ती. त्यांना कुणी हावरी म्हणेल का? मेलबर्नमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तात भूक वाढवणाऱ्या बाजूने झालेले बदल वर्षभरानंतरही टिकून होते. म्हणजे पथ्य जितकं कडक, तितकी शरीराची मागणी मोठी. घसरला तो माणूस की ते पथ्यच पेलणारं नव्हतं, हे आधी तपासायला हवं.

खाडा लिहून ठेवण्याचा खरा उपयोग इथे होतो. त्या फेब्रुवारीत मी आईसारखं कॅलेंडरवर लिहायला लागले. पथ्याचं जेवण झालं तर काही लिहायचं नाही, सुटलं तर 'खा' आणि पुढे वेळ. दोन महिन्यांची पानं समोर ठेवली तेव्हा मला जे दिसलं त्याची कल्पना नव्हती. माझा समज होता की मला गोडाचा मोह आहे. पण माझे बहुतेक खाडे संध्याकाळी पाच ते सात या वेळातले होते, आणि त्यात गोड क्वचितच होतं. खारी, फरसाण, परातीत उरलेली दुपारची पोळी, मुलासाठी तळलेले पापड. आणि जवळजवळ प्रत्येक खाड्याच्या दिवशी दुपारचं जेवण घाईत, उभ्याउभ्या, अर्धी भाकरी आणि चमचाभर भाजी असं झालेलं होतं. पथ्य चांगलं पाळावं म्हणून मी दुपारी कमी खात होते आणि त्यानेच ते पाच वाजता मोडत होतं. मग मी दुपारच्या पानात वाटीभर उसळ आणि ताक वाढवलं, आणि साडेचारला मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे घेऊ लागले. मनाचा निर्धार तेवढाच होता, कदाचित कमीच. खाडे मात्र निम्म्याहून खाली आले.

आता परत येण्याबद्दल. घसरल्यावर आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया प्रायश्चित्ताची असते. उद्या कडकडीत उपास, दोन दिवस फक्त फळांचा रस, आठवडाभर भात बंद. हेही व्रताच्याच वहीतलं पान. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत त्यांच्यासाठी तर हे धोक्याचं आहे. गोळी घेतली आणि जेवण गाळलं की साखर एकाएकी खाली जाते, दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्धही हरपू शकते. इतरांसाठी धोका वेगळा: आजचा उपास परवाच्या डब्यापुढे नेऊन उभं करतो.

आपल्या जुन्या वैद्यकाला हे कळत होतं. पंचकर्मात शरीराचं शोधन झाल्यावर माणसाला पुन्हा नेहमीच्या अन्नावर कसं आणायचं याची एक रीतच आहे, तिला संसर्जन क्रम म्हणतात. आधी पातळ पेज, मग घट्ट पेज, मग कढण, असं करत करत रोजचं जेवण. आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायात तर सवयीचं झालेलं अहितकर एकदम तोडू नये, चौथ्या चौथ्या हिश्श्याने, मध्ये दिवस जाऊ देत सोडावं आणि हितकर तसंच हळूहळू धरावं असं सांगितलं आहे. अन्नाकडे परत येणं हीदेखील शिकण्याची, पायऱ्यापायऱ्यांनी करण्याची गोष्ट आहे हे त्यांनी मानलं होतं. आणि घरातल्या बायकांना ते ग्रंथाशिवाय ठाऊक होतं. लग्नाच्या पंगती आटोपल्या, घर रिकामं झालं की संध्याकाळी कुणी न सांगता पिठलंभाकरी व्हायची, किंवा मुगाची खिचडी आणि कढी. त्या जेवणात शिक्षा नव्हती. चार दिवसांच्या बुंदीनंतर जीभ स्वतःच ते मागत असे. मला वाटतं परतीचं पहिलं जेवण असं असावं: पोटभर, साधं, गरम आणि आपल्या आवडीचं. जे खाऊन 'बरं वाटलं' असं तोंडून निघेल ते.

एक आक्षेप मी स्वतःला बरेचदा घेतला आहे. हे सैल सोडणं नाही का? तंबाखू सोडणाऱ्याला आपण 'एक चिमूट चालेल' असं म्हणत नाही. खरं आहे, पण तंबाखूवाचून माणूस जगतो. अन्नाशी मात्र रोज उठून भेट आहे, तिथे कायमची पाठ फिरवता येत नाही. एखाद्याला एखादा पदार्थ घरातच न आणणं सोपं जात असेल तर त्याने आणू नये, मीही बाकरवडी आणत नाही. आणि खाडा म्हणजे माफी नव्हे. खाडा लिहिला जातो. माझ्या आईने महिन्यात पंधरा खाडे करणारा गवळी ठेवला नसता, बदलला असता. पानावर निम्म्या तारखांना 'खा' दिसत असेल तर तो रतीब नाही हे स्वतःशी कबूल करावं आणि पथ्यच नव्याने बसवावं. ज्यांना खाणं सुरू झालं की थांबवताच येत नाही, जे लपून खातात, खाल्लेलं ओकून काढतात, त्यांना या लेखातल्या कुठल्याही युक्तीचा उपयोग नाही. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि त्यांनी लाज न बाळगता मनोविकारतज्ज्ञांकडे जावं.

घरातल्या बाईबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. दिवाळी संपली की फराळाचे डबे कुणाच्या ताब्यात असतात? चिवड्याचा चुरा, लाडवांचा भुगा, मऊ पडलेल्या चकल्या कोण संपवतं? 'अन्न वाया जाऊ नये' हा संस्कार घरात सगळ्यांवर झालेला असतो, पण तो पाळायची वेळ ज्या बाईवर येते ती एकटीच सगळ्यांचं उरलंसुरलं पोटात घालते. सगळ्यांचा स्वयंपाक करून स्वतःची भाकरी वेगळी थापायची, आणि तीही सगळ्यांची पानं झाल्यावर गार खायची, असं पथ्य किती दिवस टिकणार? माझ्या ओळखीत ज्या बायकांचं पथ्य टिकलं त्यांच्या घरी सगळ्यांनी तेच जेवण घेतलं, किंवा निदान कुणीतरी त्यांना गरम भाकरी वाढली. पंगतीत 'एका लाडवाने काय होतंय' म्हणणारी माणसं आणि महिन्याने 'काय, डाएट सुटलं वाटतं?' विचारणारी माणसं एकच असतात. पहिल्या वाक्यापेक्षा दुसरं जास्त लागतं. एका लाडवाने खरंच फार काही होत नाही. त्यानंतर कुणी हसलं की माणूस प्रयत्न लपवायला लागतो, आणि लपवलेल्या प्रयत्नाला कुणाची मदत मिळत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या माणसांना रोज पथ्य सांगितलं जातं आणि दर तीन महिन्यांनी विचारलं जातं, 'पथ्य पाळता ना?' या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढीच उत्तरं आहेत. 'नाही' म्हणायची लाज वाटते, म्हणून माणूस 'हो' म्हणतो. मग औषध वाढतं, कारण 'पथ्य पाळूनही' साखर उतरत नाही. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो हे मला कळतं. बाहेर बाकावर तीस माणसं बसलेली असतात. पण 'कुठे अडलं?' विचारायला 'पाळता ना?' इतकाच वेळ लागतो.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मी तपासणीला गेले तेव्हा रिपोर्टबरोबर कॅलेंडरची दोन पानं घडी घालून पर्समध्ये ठेवली होती. दाखवू की नको, हे बाहेरच्या बाकावर बसून ठरत नव्हतं. मुलीच्या प्रगतिपुस्तकासारखं वाटत होतं ते. आत गेल्यावर डॉक्टरांनी आकडा पाहिला, आधीच्यापेक्षा थोडा बरा होता, आणि सवयीने विचारलं, 'पथ्य पाळताय ना?' मी काही न बोलता पानं उलगडून टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, फेब्रुवारीच्या पानावरून बोट खाली नेत गेले, मग मार्चच्या. पेन्सिलने लिहिलेला एकेक 'खा' आणि पुढची वेळ वाचत होते. बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला. त्यांनी हात करून थांबायला सांगितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, 'हे पाच वाजता काय होतंय, ते जरा सांगा.'